चावला तर?

दौंड आणि शिरूर तालुक्यांत भीमा, घोड आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. ऊस आला की उंदीर आले, आणि उंदरांच्या मागे साप. त्यामुळे या भागात हॉस्टेल कुठलंही असो, पावसाळ्यात एकदा तरी "साप, साप!" अशी बोंब उठतेच. मग सिव्हिलवाले काठ्या आणतात, मेकॅनिकलवाले लांबून सल्ले देतात आणि बहुतेक वेळा एखादी बिनविषारी धामण फुकट मरते. मारणाऱ्याला राग आलेला नसतो. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : चावला तर?

मला हा प्रश्न लहानपणापासून छळायचा. कॉन्व्हेंटमध्ये साप म्हणजे सैतान, घरी आजीकडे नागपंचमीला दूध. (साप दूध पीत नाही, हे आजीला अजून पटलेलं नाही.) खरा साप या दोन्हींत कुठेच नव्हता.

परदेशात लोक बॉल पायथन, कॉर्न स्नेक हौसेने पाळतात, आणि पहिल्यांदा हात घालताना त्यांचीही फाटतेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर असले आपले साप पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. म्हणजे पाळून भीती घालवायचा रस्ता बंद. पण भीती जाते कशी, ते माहीत आहे. १९६९ साली अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाला प्रचंड घाबरणारी माणसं घेऊन प्रयोग केला. काहींना साप हाताळण्याची फिल्म दाखवली, काहींना शांत बसवून नुसती कल्पना करायला लावली. तिसऱ्या गटासमोर जाणकार माणसाने आधी स्वतः बिनविषारी साप हाताळला, मग त्यांना आधी हातमोजे घालून आणि नंतर उघड्या हाताने शिवायला लावलं. सगळ्यात जास्त फायदा या तिसऱ्या गटाला झाला.

हाताळणं आपण सोडून देऊ, पण बघणं तर जमेल? कात्रजच्या सर्पोद्यानात काचेसमोर निवांत उभे राहा. मी घोणस बघत अर्धा तास थांबलो, ती जागची हलली नाही. व्हायवाला बसलेल्या आमच्यासारखीच! हे सर्पोद्यान उभं करणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. लोक ते धाडस म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : डिवचलं नाही तर साप आपल्या वाटेला जात नाही. विष हे त्याच्या जेवणाचं हत्यार, आणि आपण त्याला गिळता येण्यासारखे नाही. फणा, फुसकारा ही वॉर्निंग. घोणस तर कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. शिवाय साप झेप घेतो ती साधारण स्वतःच्या निम्म्या लांबीपर्यंतच. दोन मीटर लांब उभ्या माणसाला घाबरायचं कारण नाही. म्हणून चावे कुणाला होतात? अंधारात पाय टाकणाऱ्याला, पाचटात हात घालणाऱ्याला, आणि मारायला किंवा फोटोसाठी पकडायला गेलेल्याला.

एक भीती मात्र ठेवाच, मण्यारची. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा काही दुखतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि आपण मेसच्या भाजीला शिव्या देतो. गादी खाली टाकून झोपणाऱ्यांनी निदान मच्छरदाणी लावून ती गादीखाली नीट खोचावी. आणि खोलीत उरलेली भेळ ठेवू नये, उंदीर येतात.

आता खरोखर चावला तर? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली कित्येक दवाखान्यात पोचलीच नाहीत किंवा उशिरा पोचली. ब्लेडने कापणं, करकचून दोरी बांधणं, रक्त चोखणं, मांत्रिक, यांतलं काहीही नको. अंगठी, घड्याळ काढा, फ्रॅक्चर झाल्यासारखा हातपाय न हलवता ठेवा, १०८ ला फोन करा आणि थेट हॉस्पिटल गाठा. साप मारून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. घोणशीच्या विषाची टेस्ट तर आपल्या लॅबपेक्षा सोपी : स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर विष चढलंय. नाग-मण्यारचं विष नसांवर जातं, तिथे लसीबरोबर व्हेंटिलेटरही लागू शकतो. शिरूरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षं असे पेशंट वाचवलेत, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलशिवाय.

आणि साप नुसता खोलीत दिसला, चावलेला नाही, तर वनविभागाचा नंबर १९२६. सर्पमित्र येईपर्यंत एकाने लांबून त्याच्यावर नजर ठेवायची. तो कपाटामागे गेला आणि दिसेनासा झाला, तर त्या रात्री पूर्ण विंगमध्ये कुणीच झोपत नाही.