परतवारी

मराठवाड्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. त्यामुळे दूरदेशीच्या प्रवासाहून परतण्याजोगे तीरावरचे आवडते नगर कोणते, असे आमच्या हिंगोली-परभणीकडील माणसाला विचारले, तर त्याच्या डोळ्यांपुढे गलबते न येता भीमेचे वाळवंट येते. या भागाचा पंढरीशी असलेला ऋणानुबंध जुना आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून विभक्त होऊन स्वतंत्र झालेल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे, आणि १२७० साली जन्मलेल्या नामदेवांचे कुळ मूळचे येथले. प्रत्यक्ष जन्म पंढरपूरचा, असेही काही अभ्यासक म्हणतात; नर्सीकर ते फारसे मनावर घेत नाहीत, आणि त्यांनी ते का घ्यावे?

नामदेवांच्या नावावर असलेले ‘तीर्थावळी’ हे अभंगांचे प्रकरण वाचताना एक गोष्ट ध्यानात येते ती ही, की तीर्थयात्रेच्या या वर्णनात तीर्थांपेक्षा पंढरीच्या विरहाचा विस्तार अधिक आहे. ज्ञानदेव यात्रेस चलण्याचा आग्रह करतात. नामदेव पांडुरंगाच्या आज्ञेवाचून पाऊल उचलावयास तयार नाहीत. आणि अखेर रजा मंजूर होते, तेव्हा निरोप देणाऱ्या देवालाच अधिक गहिवरून येते. मारवाडच्या निर्जल मुलखात दोघांना तहान लागली असता ज्ञानदेव योगबळाने विहिरीच्या तळाशी जाऊन पाणी पिऊन येतात, आणि नामदेव मात्र काठावर बसून विठ्ठलाचा धावा करतात, तोच विहीर उचंबळून वाहू लागते. एकाजवळ सिद्धी आहे, दुसऱ्याजवळ केवळ घरची आठवण आहे, आणि कथाकाराचा कौल कोणाकडे झुकतो हे सांगावयास नको. औंढ्या नागनाथाच्या देवळात कीर्तनास मज्जाव झाला तेव्हा नामदेव मागील बाजूस जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आमच्या जिल्ह्यातली आख्यायिका सर्वांच्या तोंडी आहे; तेथील नंदी देवळाच्या पाठीमागे आहे, तो गावकरी आजही पुरावा म्हणून दाखवितात.

पण या प्रकरणाचा खरा गाभा परतण्यात आहे. काशीयात्रा करून आलेल्या गृहस्थाने गंगापूजन करून ब्राह्मणभोजन घालावयाचे, हे मावंदे आपल्याकडे परवापरवापर्यंत घरोघर होत असे, आणि त्याचा खर्च अर्थातच यात्रेकरूच्या शिरावर पडे. नामदेवांच्या मावंद्याचे यजमानपण मात्र पांडुरंगानेच स्वतःकडे घेतले. इतकी तीर्थे पाहिली, परंतु पंढरीची सर कोठे आली नाही, असे नामदेवांनी देवाला सांगावे आणि देवाने ते ऐकून सुखावावे, यात भक्तीइतकाच परगावाहून आलेल्या मुलाचा आणि त्याची वाट पाहून थकलेल्या आईचा लटका रुसवाही आहे. मला तरी या प्रकरणातला सर्वांत जिवंत भाग तोच वाटतो.

१२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, आणि त्यानंतर नामदेव पुन्हा उत्तरेस निघाले. हा प्रवास पहिल्याहून दीर्घ होता. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले, त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, आणि त्याच घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या वेळी ते परतले की नाही, यावर दोन मुलखांचे एकमत नाही. पंजाबची श्रद्धा अशी, की त्यांनी देह घुमानलाच ठेवला. महाराष्ट्राची परंपरा सांगते, की ते पंढरीस आले आणि १३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीस महाद्वारी समाधिस्थ झाले. त्या नामदेव पायरीवर पाय पडू नये म्हणून वारकरी आजही जपतो. खाली वाकून तिला हात लावतो आणि तो हात कपाळी नेतो. संतांची पायधूळ आपल्या मस्तकी पडावी, या इच्छेने नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असे सांगतात. इतका मुलूख पालथा घातलेल्या माणसाने अखेरीस मागितली ती उंबरठ्याखालची जागा.

नर्सीच्या वाट्याला या परतण्यातले काय आले? आषाढीची वारी करून माघारी निघालेल्या मराठवाडा-विदर्भातील वारकऱ्यांनी आषाढ वद्य एकादशीस, म्हणजे नामदेवांच्या पुण्यतिथीच्या दोन दिवस आधी, नर्सीस हजेरी लावावयाची, आणि त्यावाचून वारी पुरी झाली असे मानावयाचे नाही, अशी येथली रीत आहे, हीच परतवारी. कयाधूच्या काठी दिंड्या उतरतात, दर्शनाची रांग दूरवर जाते. नर्सीत गुरुद्वाराही असल्याने येथे येणाऱ्यांत फेटेवाल्यांबरोबर पगडीवालेही आढळतात. मुक्काम मात्र कोणी लांबवीत नाही, कारण ते दिवस निंदणी-कोळपणीचे असतात आणि सोयाबीन-हळदीच्या रानात तण माजलेले असते.