यकृत पुन्हा भरून येते ते कशाच्या जोरावर?

यकृत कापले तरी वाढते, हे खरे. पण ते आपोआप होत नाही, त्याला रासायनिक हुकूम लागतो. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढला. कापलेले खंड परत उगवले नाहीत. उरलेलेच वाढून आठवडा-दहा दिवसांत वजन जवळपास भरून आले. अशा शस्त्रक्रियेनंतर काही मिनिटांतच युरोकायनेज या विकराची क्रियाशीलता वाढते. एचजीएफ हा वृद्धिघटक पेशींभोवतीच्या जाळीत निष्क्रिय रूपात साठलेला असतो. विकर त्याची साखळी एका ठिकाणी छेदते, तेव्हाच तो पेशीवरच्या ग्राहीला चिकटून विभाजनाचा संदेश देऊ शकतो. म्हणूनच मी विकरांना दुय्यम मानत नाही.

यकृत असे भरून येत असेल, तर मग ते व्रणांनी भरणारा सिरोसिस का होतो? दारू, विषाणू किंवा चरबीमुळे इजा वर्षानुवर्षे चालू राहिली, की एरवी पेशींच्या वाढीला लगाम घालणारा टीजीएफ-बीटा हा संदेशक रेणूच कोलॅजनचे व्रण साठवायला लावतो, आणि ते विरघळवणारी विकरे अपुरी पडतात. बाहेरून वृद्धिघटक देऊन भागेल, ही आशा मला भाबडी वाटते. एचजीएफ कर्करोगाच्या पेशींनाही बळ देऊ शकतो. इजा थांबवणे आधी हवे: हिपॅटायटिस सी बरा झाल्यावर अनेक रुग्णांत व्रण हळूहळू मागे हटतात.