सांडपाणी उपसण्यासाठी पंपाची निवड

गावचे सांडपाणी प्रक्रिया करून चारापिकांना देता येते. परंतु ते हौदातून प्रक्रियेच्या तळ्यात चढविण्यासाठी विहिरीवरचा साधा पंप बसविल्यास चिंध्या, केस व प्लॅस्टिक अडकून तो वारंवार बंद पडतो आणि सांडपाणी गल्लीत तुंबते. म्हणून पंप नुसती अश्वशक्ती पाहून घेऊ नये. पुढीलप्रमाणे हिशेब करावा.

१. विसर्ग : ३००० वस्तीच्या गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळत असेल, तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १,३२,००० लिटर सांडपाणी होते. सरासरी सेकंदाला दीड लिटर. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट, म्हणजे साडेचार लिटर धरावे. पंप ६ लिटरचा घ्यावा.

२. पाइप : १०० मि.मी. पाइपातून ६ लिटर गेल्यास वेग सेकंदाला ०.७६ मीटर पडतो. वेग ०.६ मीटरपेक्षा कमी झाल्यास गाळ बसतो. म्हणून विनाकारण मोठा पाइप घालू नये.

३. हेड : पाणी ८ मीटर उंच चढवायचे आहे व पाइप ३५० मीटर लांब आहे, असे समजा. घर्षण, बेंड व व्हॉल्व्ह मिळून सुमारे ४ मीटर वाढतात. विसर्ग दुप्पट झाल्यास घर्षण जवळजवळ चौपट होते. त्यानुसार :

विसर्ग (लिटर/सेकंद) : ० – ३ – ६ – ९
एकूण हेड (मीटर) : ८ – ९ – १२ – १७

हे आकडे कंपनीच्या पंप-आलेखावर मांडावेत. दोन्ही रेषा जेथे छेदतात, तेथेच पंप चालतो. हा बिंदू पंपाच्या सर्वाधिक कार्यक्षमतेजवळ असावा.

४. अश्वशक्ती : ६ × १२ ÷ (७५ × ०.५) = १.९. येथे कार्यक्षमता ५० टक्के धरली आहे. थोडी राखीव ताकद ठेवून ३ अश्वशक्तीची मोटार पुरेशी होते. पंप घन पदार्थ जाऊ देणाऱ्या मोकळ्या पंख्याचा, सांडपाण्यासाठीच बनविलेला असावा. तसाच दुसरा पंप राखीव ठेवावा.

५. हौद : मोटार तासाला ६ पेक्षा जास्त वेळा सुरू होऊ नये. त्यासाठी चालू व बंद पातळ्यांमध्ये किमान ९०० लिटर जागा ठेवावी. तोंडाशी जाळी बसवून ती रोज साफ करावी.

सावधान! हौदात विषारी वायू साचतो व क्षणात माणूस दगावतो. पंप अडकला तरी कोणालाही आत उतरवू नये. अशा सफाईसाठी माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पंप साखळीने वर ओढता येईल, अशीच बांधणी सुरुवातीपासून करावी.