दुधाचा म्हणून सोडला, तो दात निघाला कायमचा

आमच्या गावाचं नाव ऐकून डॉक्टरबाई हसल्या. "दातिवरे? गावाच्या नावातच दात आहे की!" आम्हीही हसलो, पण मनातून खजील होतो. सात वर्षांची आमची थोरली खुर्चीत आ वासून बसली होती. तिचा उजवा गाल सुजला होता आणि चार महिन्यांत ही दुसरी खेप होती.

पहिल्यांदा दुखलं ते पावसाळ्यात. रात्रभर पोर रडत होती. दादीनं लवंग ठेचून दाढेत धरायला दिली. सकाळी गाल फुगलेला. दातिवरे वैतरणेच्या मुखाशी, समोर खाडीपलीकडे अर्नाळा दिसतो, पण दवाखान्यासाठी सफाळ्याचीच वाट धरावी लागते. एसटी पकडून बाजारातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथे सांगितलं, "दुधाचा दात आहे, पडून जाईल," आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, पोर खेळायला लागली. आम्ही अल्लाहचे आभार मानले आणि विषय संपला असं समजलो.

विषय संपला नव्हता. गोळ्यांनी सूज उतरते, दाताला पडलेलं भोक बुजत नाही, हे आम्हाला तेव्हा कळायला हवं होतं. दुसऱ्यांदा गाल सुजला तेव्हा सफाळ्याहून लोकल धरून थेट मुंबईला, दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या मुलांच्या विभागात डॉक्टरबाईंनी आरसा घेतला आणि आम्हालाच विचारलं, "हा दात दुधाचा आहे, असं तुम्हाला का वाटलं?"

आम्ही म्हणालो, "तिथला दात अजून पडलाच नाही ना!"

"म्हणूनच बहुतेक आईवडील फसतात," त्या म्हणाल्या.

मधून मोजा, सहावी कायमची

त्यांनी जे दाखवलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दुधाचे दात एकूण वीस. साधारण सहाव्या महिन्यात पहिला येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. तोंडाचे चार भाग केले, तर प्रत्येक भागात पाच: पुढचे पटाशीचे दोन, एक सुळा आणि मागे दोन दाढा. मूल सहा वर्षांचं होण्याच्या आसपास या पाचांच्या मागे, हिरडीच्या मोकळ्या जागेत, आणखी एक दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. ती गुपचूप येते, आणि ती कायमची असते. सहाव्या वर्षी आलेली ही दाढ माणसाला म्हातारपणापर्यंत पुरायची असते.

तेव्हा मूल सहा-सात वर्षांचं झालं की त्याला उजेडात बसवा, तोंड उघडायला लावा आणि मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. सहाव्या जागेवर दाढ दिसली, तर ती दुधाची नाही. तिच्यावर काळा ठिपका, खडूसारखा पांढरा डाग किंवा खळगा दिसला, तर दुखायची वाट पाहू नका.

आमच्या लेकीची किडलेली दाढ सहावी होती. येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि कीड नसेपर्यंत पोचली होती. नव्या दाढेवर खोल चिरा असतात. त्यांत बिस्किटाचा लगदा अडकतो, मागे असल्यामुळे मुलाचा ब्रश तिथवर जात नाही, आणि आपण "अजून दुधाचेच आहेत" म्हणून बघतही नाही.

दुधाचा असला तरी सोडायचा का?

समजा, ती दाढ दुधाचीच असती, तरी सोडून देणं चूकच होतं. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर "पडणारच आहे" म्हणून त्याला पाच-सहा वर्षं दुखणं सोसायला लावायचं का? दुखणाऱ्या बाजूनं मूल चावत नाही, जेवण अर्धवट सोडतं, झोपेतून उठतं, शाळेत लक्ष लागत नाही. शिवाय दुधाची दाढ खालच्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

म्हणून दुधाच्या दाढाही भरतात, गरज पडली तर नसेचा उपचार करून वर स्टीलची टोपी बसवतात. हे काम शिकलेले वेगळे डॉक्टर असतात. बीडीएस झाल्यावर आणखी तीन वर्षं फक्त मुलांच्या दातांचं शिक्षण घेतलेले, म्हणजे बालदंतरोगतज्ज्ञ.

मिस्वाक, वुजू आणि ब्रश

आपल्या घरांत तोंडाची स्वच्छता नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकची किती ताकीद केली, हे लहानपणापासून ऐकत आलो. वुजूमध्ये तीनदा चूळ भरतो. मग आपल्या मुलांचे दात का किडावेत?

आम्ही हा प्रश्न डॉक्टरबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, मिस्वाक उत्तम आहे, सोडू नका. पण सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला ती मागच्या दाढेच्या चिरांपर्यंत नेणं जमत नाही. आणि चुळीनं सुटे कण जातात, दाताला चिकटलेला थर जात नाही. त्यासाठी मऊ, लहान डोक्याचा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हवी. सुन्नतचा हेतू तोंड स्वच्छ राहावं हाच आहे, तेव्हा मिस्वाकसोबत ब्रश वापरण्यात काहीच बिघडत नाही.

पेस्ट किती? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नव्हे. दिवसातून दोनदा, त्यातला रात्रीचा ब्रश कधीच चुकवायचा नाही. त्यानंतर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. आणि मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवायचा. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागची दाढ कशी घासता येईल?

रमजानमध्ये आमच्या घरी हाच नियम मोडत होता. इफ्तारला खजूर, सरबत, भजी. मग मोठे तरावीहला जातात आणि मुलं सरबताच्या तोंडानंच झोपी जातात. महिनाभर असं चालतं. आता तरावीहला निघण्यापूर्वी मुलांचे दात घासायचे, असं ठरवलं आहे. गोड बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, याचा दातांवर जास्त परिणाम होतो. जेवणासोबत खाल्लेला शिरखुर्मा परवडला, दिवसभर चघळलेली चॉकलेटं नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणं तर सर्वांत वाईट. पुढचे वरचे दात त्यानंच काळे पडतात.

घरातल्या मोठ्या बायकांना मशेरीची सवय असते. ती मुलांच्या दाताला कधीही लावू नये. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखू घातलेल्या दंतमंजन आणि पेस्टवर आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. दुखऱ्या दाताशेजारी हिरडीत गोळी दाबून ठेवणंही नको, त्यानं हिरडी भाजते.

पालघरपासून सुरू झालेली योजना

मुंबईच्या चकरा सोप्या नाहीत. आमच्यापैकी एक जण बोईसरला कारखान्यात पाळीवर जातो, प्रत्येक खेपेला एक दिवसाचा पगार गेला. म्हणून जवळ काय मिळतं ते शोधलं, तेव्हा एक गोष्ट कळली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही साऱ्या देशातली योजना 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमध्येच सुरू झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा जिल्हा झाला. या योजनेत आरोग्य पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येऊन मुलं तपासायची असतात. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. दोष आढळला तर मुलाला वरच्या रुग्णालयात पाठवतात आणि तिथला उपचार मोफत असतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पथकात दातांचे डॉक्टर नसतात. तेव्हा तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि शंका असेल तर "दाढ बघा" असं शिक्षकांमार्फत कळवा, चिठ्ठी मागून घ्या. दुसरं, विनाअनुदानित शाळेतली मुलं या तपासणीत येत नाहीत. त्यांची काळजी आईवडिलांनाच घ्यावी लागते.

मोठ्या उपचारासाठी पश्चिम रेल्वेवरून सरळ पडतं ते मुंबई सेंट्रलजवळचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. दुसरं, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. दोन्हीकडे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर पोचावं आणि आधीचे कागद, एक्स-रे सोबत न्यावेत.

खुर्चीत बसण्याआधी

"ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील," असं आम्ही कितीदा म्हटलं असेल! त्याची फळं त्या दिवशी मिळाली. थोरली खुर्चीत बसेना. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. प्रत्येक वस्तू आधी सांगितली, मग तिच्या नखावर फिरवून दाखवली, मग तोंडात नेली.

त्यांचं सांगणं असं: पहिली भेट दुखत नसताना करा, शक्यतो पहिल्या वाढदिवसापर्यंत. पुढे दर सहा महिन्यांनी. घरून निघताना "काहीच करणार नाहीत" असं खोटं आश्वासन देऊ नका, "तुझे दात मोजणार आहेत" एवढंच सांगा.

गाल सुजला आणि ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला, तर मूळ न चोळता तो वरच्या बाजूनं धरा, दुधात ठेवा आणि तासाभरात डॉक्टरकडे पोचा. तो परत बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

आता

लेकीची दाढ काढावी लागली नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण मुळाचं टोक अजून पुरतं तयार झालेलं नाही, म्हणून आत औषध भरून ठेवलं आहे. चार खेपा झाल्या, अजून होतील. "आयुष्यभर टिकेल असं वचन देत नाही, प्रयत्न करू," असं डॉक्टरबाई म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला जड गेलं. ज्या दाढेला आयुष्यभर टिकायचं होतं, तिला आम्ही एक वर्षही जपलं नव्हतं.

धाकटा चार वर्षांचा आहे. त्याच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावून घेतला. सहावी दाढ पूर्ण वर आली की तिच्या चिरा बुजवून घ्यायच्या आहेत, त्यात दुखत नाही आणि सुई लागत नाही. रोज रात्री इशानंतर तो आमच्या मांडीवर डोकं ठेवून आ वासतो आणि मोठ्यानं मोजायला लावतो. सध्या पाचच भरतात. ज्या दिवशी सहा भरतील, त्या दिवशी आम्हाला ते कळलेलं असेल, इन्शाअल्लाह.

आज रात्री तुमच्याही घरी एकदा मोजून बघा.