दिव्याचा जमाखर्च : मगनदीप ते एलईडी

आंजी (मोठी) हे वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या हंगामावर या भागातील व्यापार उभा आहे, आणि हंगामाच्या दिवसांत दुकाने दिवेलागणीनंतरही बराच वेळ उघडी ठेवावी लागतात. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून पुन्हा गल्ल्यावर बसण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांचे तर दिवसभराचे खाते याच वेळात लिहून होते. त्यामुळे दिव्याचा खर्च हा दुकानखर्चाच्या वहीतील फार जुना रकाना. पूर्वी तेथे रॉकेल लिहिले जाई, नंतर वीज. एलईडी आल्यापासून हा आकडा इतका खाली आला की त्याचा विचार करणेच पुष्कळांनी सोडून दिले.

परंतु दिवा स्वस्त झाला म्हणजे त्याचा हिशेब पुरा झाला, असे नव्हे. दिव्याचा हिशेब कसा मांडावा, हे आंजीहून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, सुमारे नव्वद वर्षांपूर्वी दाखवण्यात आले होते. तो मांडणारे गृहस्थ पेशाने हिशेबतपासनीस होते, ही गोष्ट व्यापारी वाचकांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे.

जे. सी. कुमारप्पा यांनी लंडनमध्ये लेखापालाचे शिक्षण घेतले, मुंबईत हिशेबतपासणीचा व्यवसाय केला, पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत व्यवसाय प्रशासन व सार्वजनिक वित्त यांचा अभ्यास केला. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले आणि त्यांचे आयुष्यच बदलले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे मंत्रिपद कुमारप्पांकडे आले. संघाला जागा हवी होती. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग आणि इमारत दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम तेथेच होता.

घाणीचे तेल, हातकागद, गूळ, मधमाशापालन अशा अनेक उद्योगांचे प्रयोग मगनवाडीत झाले. त्यांतील एक दिव्याचा होता. ‘मगनदीप’ या नावाचा हा दिवा रॉकेलाऐवजी वनस्पती तेलावर जळण्यासाठी तयार करण्यात आला. ऐकताना हे काम सोपे वाटते. ते तसे नाही. रॉकेल पातळ असते, वातीतून ते झरझर वर चढते आणि तेलाची टाकी ज्योतीपासून बरीच खाली असली तरी चालते. जवस, तीळ किंवा करंजाचे तेल जाड असते. ते वातीतून फार उंच चढत नाही, वातीच्या टोकाला काजळी धरते आणि ज्योत मंदावते. म्हणून तेलाची पातळी ज्योतीच्या जवळ ठेवावी लागते आणि जळणाला पुरेशी हवा मिळेल अशी काचेची रचना साधावी लागते. आपल्या घरातील समईत वात तेलाच्या पृष्ठालगत का असते, याचे कारणही हेच. समईला मात्र वारा सोसत नाही. वाऱ्यात टिकणारा, हातात धरून गोठ्यात नेता येणारा तेलदिवा हवा असेल, तर थोडे अभियांत्रिकी डोके चालवणे भाग होते.

एवढा खटाटोप कशासाठी? कुमारप्पांचे उत्तर लेखापालाचे होते. खर्चाच्या बाजूला किती पैसे पडले, एवढे पाहून ते थांबत नसत. तो पैसा कोणाच्या खाती जमा झाला, हेही ते विचारीत. शेतकऱ्याने पिकवलेला जवस गावच्या तेल्याच्या घाणीत गेला, तर तेलाचे पैसे गावातच फिरतात, पेंड जनावराला मिळते आणि घाणी चालू राहते. रॉकेलाचा पैसा संध्याकाळी गावातून निघतो, तो परत येत नाही. शिवाय खनिज तेल हा साठा आहे. तो उपसला की संपतो, आणि संपणाऱ्या साठ्यांवर ताबा मिळवण्यासाठी राष्ट्रे लढतात. बियांचे तेल दरवर्षी नव्याने येते. मुद्दल खाणे आणि व्याजावर राहणे, हा भेद व्यापाऱ्याला शिकवावा लागत नाही. कुमारप्पांनी तो निसर्गाच्या वहीला लावला. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा त्यांचा ग्रंथ १९४५ मध्ये तुरुंगात लिहिला गेला. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात, त्याची मांडणी त्यात आधीच आहे.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला. भारतात येणाऱ्या रॉकेलाचा मोठा भाग तेथून येत असे. तो पुरवठा तुटला आणि परक्या साठ्यावर दिवा लावण्याची जोखीम सर्वांना समजली.

तरीही मगनदीप घरोघर पोहोचला नाही. युद्धानंतर रॉकेल पुन्हा मुबलक झाले आणि त्याचा उजेड तेलदिव्यापेक्षा प्रखर होता. खाण्याजोगे तेल जाळणे गरिबाला परवडणारे नव्हते. पुढे वीज आली आणि प्रश्नच मिटला. मगनवाडीतील मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते डिसेंबर १९३८ मध्ये उघडले गेले. आज बजाज इलेक्ट्रिकल्स म्हणून ओळखली जाणारी कंपनी ‘रेडिओ लॅम्प वर्क्स’ या नावाने नोंदली गेली, तीही १९३८ मध्येच. कोणत्या दिव्याची सरशी झाली, हे सांगण्याची गरज नाही.

मधल्या काळात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ‘नूरी’ हा कंदील तयार केला. दाबाखाली तेल सोडून आणि जाळीदार मॅन्टल तापवून त्यांनी त्यातून शंभर वॅटच्या बल्बइतका उजेड मिळवला. वीज न पोहोचलेल्या घरांसाठी ते मोलाचे काम होते, आणि २००१ चा जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना मिळाला. पण जळत्या ज्योतीचे युग तोवर संपत आले होते.

एलईडीची गोष्ट दिव्यापेक्षा रंगापासून सुरू होते. लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि त्यासाठी तीस वर्षे गेली. गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे शुद्ध स्फटिक वाढवणे ही त्यातील अडचण होती. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी ती सोडवली, आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. नाकामुरा ज्या कंपनीत नोकरीस होते, तिने या शोधाबद्दल त्यांना अवघे वीस हजार येन बक्षीस दिले होते. पुढे न्यायालयीन वादानंतर २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळसर करणारे फॉस्फरचे लेपन त्यावर दिले की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. आपल्या घरातील बहुतेक पांढऱ्या एलईडी बल्बांचे गुपित एवढेच.

जुना तारेचा बल्ब विजेतील जवळजवळ सगळी शक्ती उष्णतेत घालवी. एका वॅटला बारा-पंधरा लुमेन उजेड मिळे. सीएफएलने तो आकडा पन्नास-साठवर नेला, मात्र तिच्या नळीत थोडा पारा असतो आणि ती फुटली की त्रास होतो. चांगला एलईडी बल्ब वॅटला शंभर लुमेन सहज देतो.

भारतात हा बल्ब सामान्य घरात गेला तो घाऊक खरेदीमुळे. सरकारी क्षेत्रातील एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेडने २०१४ च्या आरंभी एलईडी बल्ब सुमारे ३१० रुपयांना विकत घेतला. मोठमोठ्या मागण्या एकत्र करून निविदा काढत गेल्यावर २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि त्यासाठी सरकारने अनुदान दिले नाही. खात्रीची मोठी मागणी दिसली की उत्पादक भाव सोडतो, हे बाजारातील जुने ज्ञान येथे धोरण म्हणून वापरले गेले.

एका किराणा दुकानाचा हिशेब मांडून पाहू. चार जुन्या ट्यूबलाइट, चोक धरून प्रत्येकी सुमारे ५० वॅट. म्हणजे २०० वॅट. त्यांच्या जागी २० वॅटच्या चार एलईडी पट्ट्या. म्हणजे ८० वॅट. रोज दहा तास दिवे चालले तर १.२ युनिट वाचतात. वर्षाला ३६० दिवस धरले तर ४३२ युनिट. युनिटचा दर दहा रुपये समजला, तर बचत ४,३२० रुपये होते. पट्टीची किंमत २५० रुपये धरली, तर गुंतवलेले हजार रुपये तीन महिन्यांच्या आत सुटतात. मुदत ठेवीत इतका परतावा कोणतीही बँक देणार नाही.

आता कुमारप्पांच्या पद्धतीने दुसरी बाजू पाहायला हवी.

खोक्यावर २५,००० तास असे आयुष्य छापलेले असते. तो आकडा प्रायः प्रकाश देणाऱ्या चिपचा असतो. तिचा उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्यातून सांगितला जातो. बल्ब बंद पडतो तो बहुधा त्याच्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे आतील छोट्या विद्युत मंडलामुळे. वर्ध्याचा उन्हाळा, पत्र्याखालची उष्णता आणि कमी-जास्त होणारा दाब यांनी त्यातील कपॅसिटर आधी सुकतो. चिप ठणठणीत असताना बल्ब कचऱ्यात जातो. अशा बल्बची बचत कागदावरच राहते. म्हणून स्वस्तात स्वस्त माल न घेता मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, तारांकन आणि हमी पाहावी. विकणाऱ्यानेही तोच माल ठेवावा. जुना विजेचा कारागीर ट्यूबचा चोक आणि स्टार्टर बदलून देई. एलईडीचा ड्रायव्हर बदलणारा माणूस गावात आहे का, हा प्रश्न वॅटइतकाच महत्त्वाचा आहे.

पवईच्या आयआयटी मुंबईने विद्यार्थ्यांसाठी सौर अभ्यासदिवा दिला, तेव्हा हा प्रश्न प्रथम विचारला गेला. प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या मार्गदर्शनाखालील ‘सोल’ उपक्रमाच्या नावातच स्थानिकीकरण हा शब्द आहे. दिव्यांची जुळणी, विक्री आणि दुरुस्ती गावातील प्रशिक्षित लोकांनीच करायची, ही त्याची अट होती. विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांत मिळाला. असे दहा लाख दिवे देण्याच्या या उपक्रमात महाराष्ट्रातील गावेही होती. मगनवाडीचा रकाना येथे पुन्हा उघडला गेला, असे म्हणता येते. त्या मगनवाडीच्या आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि सौर चरख्यावर तिने काम केले आहे.

चिपचा पैसा अजूनही बऱ्याच अंशी परदेशी जातो. २०२१ मध्ये केंद्राने एअर कंडिशनर आणि एलईडी यांच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना आणली, ती याच कारणाने. ती रक्कम मोठी असली तरी गावच्या वहीत उतरणारा भाग जुळणी आणि दुरुस्तीचाच राहील.

रस्त्यावरच्या दिव्याचा हिशेब आणखी वेगळा. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून देयके भरण्याची मुभा शासनाने दिली. नाली, पाणी, शाळा यांच्या कामी आला असता तो पैसा दिव्यांत गेला. एलईडी लावूनही दिवे दिवसा जळत राहिले, तर वॅटची बचत वाया जाते. त्यासाठी उजेड ओळखून आपोआप बंद होणारे साधे उपकरण मिळते. गावातील व्यापारी मंडळींनी ग्रामसभेत ही एक मागणी लावून धरली, तरी पुष्कळ होईल.

राहता राहिला जीवजंतूंचा प्रश्न. पावसाळ्यात दुकानाच्या दिव्याखाली सकाळी पाखरांचा खच दिसतो, आणि चातुर्मासात हे दृश्य जैन घरांना विशेष टोचते. पतंगांची नजर अतिनील आणि निळ्या प्रकाशाकडे ओढली जाते. पाऱ्याच्या जुन्या दिव्यांतून आणि काही अंशी सीएफएलमधून अतिनील किरण बाहेर पडत. पांढऱ्या एलईडीतून ते जवळजवळ पडत नाहीत. मात्र ‘कूल डेलाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ६५०० केल्विनच्या बल्बात निळा अंश बराच असतो, आणि दुकानदार हौसेने तोच घेतात. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर ‘वॉर्म व्हाइट’ बल्ब पाखरांना कमी ओढतो. वीज दोन्हींना जवळपास सारखीच लागते, किमतीतही फारसा फरक नसतो. कापडदुकानात रंग पारखायला पांढरा उजेड लागतो, तो आतल्या गादीवर असू द्यावा. पायरीवरचा आणि फलकावरचा दिवा पिवळसर, खाली तोंड केलेला आणि दुकान बंद होताच विझणारा ठेवावा.