नौकेचे बहिःस्थ एंजिन : सुरू न होण्याची कारणे व दोषशोधन

नौकेचे बहिःस्थ एंजिन : होडीच्या पिछाडीच्या आडव्या फळीवर बाहेरच्या बाजूने शिकंजाच्या स्क्रूंनी अडकविता येणारे आणि काम संपल्यावर उचलून नेता येणारे एंजिन. वरच्या टोकास अंतर्ज्वलन एंजिन, मधल्या पोकळ खांबातून खाली जाणारा उभा दंड आणि पाण्याखालील दंतचक्रपेटीवर बसविलेला मळसूत्री पंखा, असे याचे तीन भाग असतात. सुकाणूचे कामही तेच करते, कारण संपूर्ण एंजिन उभ्या आसाभोवती वळते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील फायबरच्या लहान होड्या, खाड्यांतील तरी, पूरग्रस्तांच्या सुटकेसाठी वापरण्यात येणाऱ्या रबरी नौका यांवर हेच एंजिन असते. मोठ्या मासेमारी नौकांत मात्र नौकेच्या आत बसविलेले डीझेल एंजिन वापरतात.

सुटे करता येईल असे चालक यंत्र होडीस लावण्याचा पहिला ज्ञात यशस्वी प्रयत्न गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीवर केला. परंतु ते यंत्र विद्युत् घटमालेवर चालणारे होते. पेट्रोलवर चालणारे एंजिन अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास तयार केले. त्यास खरी लोकप्रियता दिली ती नॉर्वेत जन्मलेल्या व मिलवॉकी येथे स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड (१८७७–१९३४) यांनी. १९०९ मध्ये त्यांनी विक्रीस आणलेले एक सिलिंडरी एंजिन दीड अश्वशक्तीचे व सु. २८ किग्रॅ. वजनाचे होते. होडी वल्हवीत नेत असता आइसक्रीम वाटेतच वितळल्यामुळे ही कल्पना त्यांना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. त्यांच्या नावाच्या एंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले.

दीर्घकाळ ही एंजिने द्विधाव पद्धतीची असत. त्यांत वंगण-तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते व धुरावाटे बरेचसे इंधन न जळताच बाहेर पडते. प्रदूषणविषयक नियमांमुळे अमेरिका व यूरोप येथे कार्ब्युरेटर असलेली द्विधाव एंजिने नव्याने विकली जाणे जवळजवळ थांबले असून त्यांची जागा चतुर्धाव व इंधन अंतःक्षेपणाच्या एंजिनांनी घेतली आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र साधी द्विधाव एंजिने अद्यापि मोठ्या संख्येने चालू आहेत. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांस धरून केले आहे.

कोणतेही ठिणगी-प्रज्वलन एंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात : सिलिंडरात योग्य प्रमाणात इंधन व हवा यांचे मिश्रण, त्या मिश्रणाचे पुरेसे संपीडन, प्रबळ ठिणगी आणि ती ठिणगी योग्य क्षणी पडणे. या चारांपैकी कोणती गोष्ट नाही, हे शोधून काढणे म्हणजेच दोषशोधन. धक्क्यावर नेहमी दिसते ते याच्या उलट : एंजिन सुरू झाले नाही की प्रथम कार्ब्युरेटर उघडला जातो, त्यातील बारीक स्क्रू पाण्यात पडतो आणि मूळ दोष टाकीच्या झाकणात निघतो. हत्यार हाती घेण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत व त्यांतच पुष्कळदा उत्तर असते.

मात्र भर पाण्यात एंजिन बंद पडले असता दोष शोधण्यापूर्वी नांगर टाकावा. वारा किंवा ओहोटीचा ओढ यांमुळे होडी दहा मिनिटांत खडकावर अथवा लाटांच्या फुटीत जाऊ शकते आणि एंजिनावर वाकलेल्या माणसाचे तिकडे लक्ष नसते. तारव्यांनी आधी प्राणरक्षक जाकिटे घालावीत व वल्ही काढून ठेवावीत. नांगर लागत नाही इतके खोल पाणी असल्यास होडीचे नाळेचे टोक वाऱ्याकडे राहील अशा रीतीने बादली किंवा जाळ्याचा गुंडाळा दोरीने नाळेवरून पाण्यात सोडतात.

बाह्य तपासणी : चालकाच्या मनगटास बांधावयाच्या दोरीचे टोक एंजिनावरील बंद-कळीत अडकविलेले असते. चालक पाण्यात पडल्यास ही दोरी सुटून एंजिन बंद व्हावे, अशी ती योजना आहे. टोक निसटलेले असले, तर कितीही दोर ओढला तरी ठिणगी पडत नाही. गिअरचा दांडा तटस्थ स्थितीत नसल्यास बहुतेक एंजिनांत दोर ओढलाच जात नाही, किंवा विद्युत् प्रारंभक फिरत नाही. टाकीच्या झाकणावरील वायुछिद्राचा स्क्रू वाहतुकीत आवळून ठेवलेला असतो. तो सैल करावयाचा राहिल्यास एंजिन सुरू होते, काही मिनिटे चालते आणि टाकीत निर्वात निर्माण झाल्याने गुदमरून बंद पडते. अशा वेळी नळीतील रबरी फुगा चपटा झालेला दिसतो व स्क्रू सैल करताच टाकीत हवा शिरल्याचा आवाज येतो.

इंधनविषयक दोष : एंजिनावरील इंधन-पंप भुजापेटीतील दाबाच्या चढउतारावर चालतो, म्हणजे एंजिन फिरू लागल्यावरच तो काम करतो. प्रारंभी इंधन कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचविण्यासाठी नळीत हातफुगा बसविलेला असतो. त्यावरील बाण एंजिनाकडे असावा लागतो. बाणाचे टोक वर धरून फुगा दाबला असता काही दाबांत तो कठीण झाला पाहिजे. तो कठीण होतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, नळीचा जोड नीट बसलेला नाही, जोडातील रबरी कडी झिजली आहे किंवा फुग्यातील झडप निकामी आहे. तो कठीण होऊनही एंजिन पेट घेत नसेल, तर इंधन कार्ब्युरेटरच्या दारापर्यंत आले आहे आणि शोध पुढे न्यावयाचा आहे.

कार्ब्युरेटरच्या प्लव-कोठीच्या तळाशी निचरा-स्क्रू असतो. तो उघडून थोडे इंधन काचेच्या बाटलीत घ्यावे. बाटलीच्या तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसल्यास ते पाणी होय. इंधनास वार्निशासारखा आंबट वास येत असल्यास ते शिळे झाले आहे. शिळ्या पेट्रोलचा चिकट साका मंद गतीच्या तोटीत बसतो. या तोटीचे छिद्र केसाच्या जाडीचे असल्याने ती प्रथम बुजते. परिणामी एंजिन मुळीच सुरू होत नाही, किंवा चोक ओढलेला असेपर्यंतच चालते. छिद्र तारेने टोकरू नये, ते मोठे होते. फवारा-द्रव व दाबाखालील हवा यांनी स्वच्छ करावे.

या दोषाचा आपल्याकडील हंगाम ठरलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. मेअखेरीस आहे तसे ठेवून दिलेले एंजिन दोन महिने दमट हवेत पडून राहते व नारळी पौर्णिमेच्या सुमारास दोर ओढला की मुके असते. पेट्रोलमधील एथॅनॉल हवेतील बाष्प शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की एथॅनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बनतो. भारतात २०२३ पासून २०% एथॅनॉलमिश्रित पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध करण्यात आले. बहिःस्थ एंजिनांच्या अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत मात्र १०% पर्यंतच्या मिश्रणाचीच मुभा दिलेली आढळते. जुन्या नळ्या व पडदे एथॅनॉलमुळे फुगतात किंवा मऊ होतात, हेही लक्षात ठेवावे.

केरोसिनवरील एंजिने : स्वस्त इंधनासाठी मच्छीमार केरोसिनवर चालणारी एंजिने वापरतात. ज्या तापमानास इंधनाची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते ते तापमान पेट्रोलच्या बाबतीत शून्याखाली सु. ४०° से., तर केरोसिनच्या बाबतीत ३५° से. किंवा अधिक असते. म्हणून थंड एंजिन केरोसिनवर सुरू होत नाही. लहान टाकीतील पेट्रोलवर ते सुरू करून गरम झाल्यावर तोटी फिरवून केरोसिनवर आणतात. बंद करण्यापूर्वी हाच क्रम उलट करावा लागतो : काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवून कार्ब्युरेटरमधील केरोसिन संपवावे लागते. किनारा जवळ आला, घाई झाली व एंजिन केरोसिनवरच बंद केले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे प्लव-कोठीत व प्लगवर केरोसिनच असते. पेट्रोलची तोटी उघडली म्हणून ते आपोआप बाहेर पडत नाही. कोठी निचरा-स्क्रूने रिकामी करून पेट्रोलने भरावी व प्लग पुसून कोरडे करावे. असे एंजिन दुरुस्तीस नेण्याचे कारण नसते.

मिश्रणात इंधनाचा अतिरेक झाला तरीही एंजिन पेट घेत नाही. चोक बंद ठेवून वारंवार दोर ओढल्याने असे होते. पेट्रोलचा तीव्र वास व ओले प्लग ही त्याची खूण. चोक पूर्ण उघडून, प्लग काढून कोरडे करून, तारांची टोके एंजिनाच्या धातूस टेकवून दोर काही वेळा ओढावा, म्हणजे साचलेले इंधन बाहेर फेकले जाते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने होडीच्या तळाशी साचते. यावेळी विडी-काडी दूर ठेवावी, हे निराळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

प्रज्वलनविषयक दोष : प्लग काढल्यावर त्याचे टोक बरेच सांगून जाते. अनेकदा दोर ओढूनही तो कोरडा असेल, तर सिलिंडरात इंधन येत नाही. ओला असेल, तर इंधन येते पण ठिणगी पडत नाही किंवा दुर्बळ पडते. काळा तेलकट थर अधिक तेलाचा निदर्शक असतो. टोकांमधील फट एंजिनानुसार साधारणतः ०·५ ते १ मिमी. असते. ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू एंजिनाच्या ठोकळ्यास घट्ट टेकवितात व दोर ओढतात. ही कसोटी प्लगच्या छिद्रापासून दूर, सांडलेले पेट्रोल पुसून व टोपी रबरी मुठीच्या चिमट्याने धरून करावी. निळी, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळसर व बारीक ठिणगी संपीडनाखाली विझते.

ठिणगी मुळीच नसल्यास सर्वप्रथम बंद-कळीची तार एंजिनापासून सुटी करून पुन्हा पाहावे. ही कळी प्रज्वलन मंडल धातूस जोडून एंजिन बंद करते. खाऱ्या हवेने तिच्यात हिरवट गंज धरला की ती कायमचीच ‘बंद’ स्थितीत राहते. तार सोडताच ठिणगी आली, तर दोष कळीत आहे. लेखकाच्या मते समुद्रावरील एंजिनात महागडे इलेक्ट्रॉनीय खोके बदलण्यापूर्वी ही एक चाचणी सक्तीची असावी. मात्र तार सोडलेल्या स्थितीत सुरू झालेले एंजिन चालक पाण्यात पडल्यावरही थांबणार नाही, म्हणून तशा अवस्थेत प्रवास करू नये. जुन्या एंजिनांत प्रचक्राखाली स्पर्शक व धारित्र असतात. स्पर्शक काळवंडल्यास ठिणगी जाते. नंतरच्या एंजिनांत त्यांची जागा वेटोळी व धारित्र-विसर्जन मंडलाने घेतली असून त्यांची तपासणी मीटरने पुस्तिकेतील रोधाशी ताडून करावी लागते.

इंधन व ठिणगी दोन्ही आहेत, तरी एंजिन उलटा हिसका देते, असे झाल्यास प्रचक्राची चावी पाहावी. प्रचक्राची नट सैल राहिली की ही लहान चावी कापली जाते, प्रचक्र भुजादंडावर सरकते आणि ठिणगी अवेळी पडते.

संपीडन : दोर नेहमीपेक्षा हलका जाणवल्यास दाबमापक प्लगच्या जागी बसवून मोजणी करतात. आकडा पुस्तिकेशी ताडावा. दोन सिलिंडरांतील दाबांत १५% हून अधिक तफावत असल्यास दट्ट्याच्या कड्या, सिलिंडर किंवा वरील जोडपट्टी बिघडलेली असते. द्विधाव एंजिनात भुजापेटीही हवाबंद लागते, कारण मिश्रण प्रथम तिच्यात ओढले जाते. तिच्या पात-झडपेचे पान तुटल्यास मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलटे उडताना दिसते.

तपासणीचा क्रम ठरविण्यास एक सोपा निकष उपयोगी पडतो. प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेलमिश्रित पेट्रोल घालून प्लग बसवावा व दोर ओढावा. एंजिन क्षणभर पेटून बंद पडले, तर ठिणगी, तिची वेळ व संपीडन ठीक असून दोष इंधनपुरवठ्यात आहे. काहीच झाले नाही, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारण नाही.

विद्युत् प्रारंभकाचे एंजिन नुसते ‘टक्’ करीत असेल, तर घटमालेची टोके गंजलेली असतात किंवा ती उतरलेली असते. अंतःक्षेपणाच्या एंजिनात विद्युत् दाब घसरल्यास प्रारंभक फिरूनही नियंत्रक ठिणगी व इंधन देत नाही. अशा एंजिनाचे दोषशोधन निदान-यंत्राविना फारसे पुढे जात नाही. दोर तुटल्यास प्रचक्राच्या खाचेत गाठीची दोरी गुंडाळून एंजिन सुरू करता येते. परंतु या मार्गाने तटस्थ स्थितीचे संरक्षण लागू होत नाही. दांडा गिअरमध्ये राहिला असेल, तर होडी एकदम उसळून माणूस पंख्याजवळ पडण्याचा धोका असतो.

एंजिन पाण्यात पडल्यास ते बाहेर काढल्यावर गंज झपाट्याने सुरू होतो. त्यामुळे दुरुस्तीची सोय काही तासांत होणार नसेल, तर काही जाणते तांडेल ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवतात. सोय असल्यास गोड्या पाण्याने धुवून, प्लग काढून, एंजिन आडवे करून सिलिंडरांतील पाणी काढावे. दोर सहज फिरत नसल्यास जोर करू नये, आत वाळू असू शकते. पाणी निघाल्यावर तेल ओतावे, कार्ब्युरेटर कोरडा करावा आणि त्याच दिवशी एंजिन निदान अर्धा तास चालवावे. दुरुस्तीनंतरची चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपात घ्यावी, कारण शीतक पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र कोरडे फिरल्यास काही सेकंदांतच फाटू लागते. सुरू होताच मागील बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार आली पाहिजे. ती येत नसल्यास एंजिन ताबडतोब बंद करावे.