चोरून खाणारा आणि चोरून उपाशी राहणारी

२०२५ च्या रमजानमध्ये उमरखेडच्या एका घरात दोन चोर सापडले. एक पावणेसात वर्षांचा, दुसरी अडुसष्ट वर्षांची. पहिला ‘माझा रोजा आहे’ असे सगळ्या गल्लीला सांगून चोरून खात होता. दुसरी ‘माझा रोजा नाही’ असे सगळ्या घराला सांगून चोरून उपाशी राहत होती. पहिला नातू आणि दुसरी त्याची दादी.

घर तसे साधेच. पुढे शिलाईचे दुकान, मागे तीन खोल्या, अंगणात एक शेळी. मुलगा टेलर, सून घर सांभाळून फॉल-पिको करणारी, मोठी नात यंदा दहावीला. बोलणे घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. दादीचे माहेर पैनगंगेपलीकडचे, हदगावकडचे. नदीच्या या काठाला विदर्भ आणि त्या काठाला मराठवाडा. तिकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. राज्य गेले, पण तिकडची सहेरी दादीसोबत लग्न होऊन उमरखेडला आली. सहेरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे पहाटेचे जेवण. खिचडी, खिमा आणि वर तिळाचा खट्टा. हा खट्टा पातळ झाला की दादीचा दिवस बिघडतो.

यंदा २ मार्चला पहिला रोजा झाला. सहेरीची वेळ पहाटे सव्वापाचच्या आसपास संपते आणि इफ्तार संध्याकाळी साडेसहाच्या आसपास होतो. मधले तेरा-सव्वातेरा तास पाण्याचा थेंबही नाही. घरात सगळ्यांना उठवण्याचे काम दरवर्षी दादीकडे असते. यंदा ते दहावीच्या नातीने घेतले. परीक्षा २१ फेब्रुवारीपासून १७ मार्चपर्यंत चालली, त्यामुळे ती तशीही तीन वाजता उठून भूमितीशी भांडत होती. ‘प्रमेय सुटत नाही तर निदान चूल तरी पेटवते,’ असे म्हणून ती आईला हाक मारायची.

दादीचा प्रश्न रमजानच्या आधीच निघाला होता. तिला आठ वर्षांपासून शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत आणि गोळीनंतर वेळेवर खाणे लागते. डॉक्टरांनी तपासणीचे कागद पाहून सांगितले, ‘यंदा रोजे नाहीत.’ दादीने मान हलवली. डॉक्टरांना वाटले, तिने ऐकले. मुलाला माहीत होते की, आई जेव्हा एवढ्या पटकन मान हलवते तेव्हा तिने काहीच ऐकलेले नसते.

मुलाने मशिदीतल्या मौलानांनाही विचारले. त्यांनी समजावून सांगितले की, कुरआनात रोजाचा हुकूम जिथे आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही आहे. आजारी माणूस बरा झाल्यावर राहिलेले रोजे नंतर करतो. ज्याचे दुखणे बरे होण्यासारखे नाही, त्याने एकेका रोजाबदली एकेका गरजू माणसाला दोन वेळचे जेवण द्यावे. याला फिदया म्हणतात. अल्लाहला माणसाची सोय हवी आहे, त्याला त्रासात पाडायचे नाही. मुलाने घरी येऊन हे सगळे जसेच्या तसे सांगितले. दादी म्हणाली, ‘मौलाना बरोबरच सांगतात. ते आजारी माणसांसाठी आहे.’

आपण आजारी आहोत, हे तिला मान्यच नव्हते.

पहिल्या रोजापासून ती सगळ्यांच्या आधी दस्तरखानावर बसू लागली. ‘तुमच्या सोबतीला बसते, नुसती,’ असे म्हणून ती सोबतीला दोन पोळ्या खायची आणि गोळी घ्यायची. नऊ वाजता सून तिच्यासाठी नाश्त्याचे ताट झाकून ठेवायची. दहा वाजता ताट रिकामे. दुपारचेही तसेच. सून खूश झाली. चार दिवसांनी तिच्या लक्षात आले की, सासूबाई बारीक दिसत आहेत आणि अंगणातली शेळी मात्र भलतीच गुटगुटीत झाली आहे. पोळीचा तुकडा दिसला की ती उड्या मारायची आणि उपमा ठेवला की शेपटी हलवायची. झाडपाल्याकडे तिने पाहणेच सोडले होते.

दुसऱ्या चोराची पद्धत वेगळी होती. नातवाला यंदा मोठ्यांसारखा रोजा धरायचा होता. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही, म्हणून घरोघरी त्यांच्यासाठी ‘चिमणीचा रोजा’ असतो. सहेरीला उठायचे, दुपारच्या अजानपर्यंत थांबायचे आणि मग जेवायचे. असे दोन अर्धे रोजे मिळून एक पूर्ण होतो, अशी मुलांची समजूत घातली जाते. टेलरच्या घरात तर ती अधिकच पटते. ‘दोन अर्धे जोडून अब्बा शिवून देतील,’ असे बहिणीने सांगितल्यावर नातवाने एकच शंका काढली, ‘शिवण दिसणार नाही ना?’

पण अर्धा रोजाही लांबलचक असतो. नळाखाली हात-पाय धुताना तोंडही जरा जास्तच वेळ धुतले जाई. दुकानात गिऱ्हाइकाच्या पोराने बिस्किट पुढे केले तर नाही म्हणणे बरे दिसत नाही. एकदा तो पलंगाखाली खजुरांची बरणी घेऊन बसलेला सापडला. ‘मी मोजत होतो,’ असे त्याने सांगितले. बरणीत सतरा बिया आणि तीन खजूर होते. मोजणी बरीच पुढे गेली होती.

खरे तर दादीच्या आणि नातवाच्या हिशेबात एक जुनी गाठ आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. दादी वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचे रमजान वर्षांनी ओळखते. १९८६ साली मे महिन्यात रोजे आले तेव्हा ती नवी सून होती. अंगावर ओला टॉवेल टाकून, माठाकडे पाठ करून तिने दुपारी काढल्या. तेहतीस वर्षांचा फेरा पूर्ण होत आला आणि २०१८ साली रोजे पुन्हा मे महिन्यात आले. तेव्हाही तिने एक रोजा सोडला नाही. त्याच रमजानमध्ये हा नातू जन्मला. म्हणून घरात तिचे म्हणणे एकच असे, ‘मेच्या उन्हात नाही सोडले, ते मार्चच्या वाऱ्यात सोडू?’ मार्चचा वारा उमरखेडला किती गार असतो, हे उमरखेडकरांना वेगळे सांगायला नको.

सहाव्या रोजाच्या दुपारी तिने सोडलेच, पण मनाने नव्हे.

सून दुकानात हुक-बटणे लावत होती. मुलगा अस्तर आणायला बाजारात गेला होता. घरात दोघे चोरच होते. दादी तसबीह घेऊन पलंगावर बसली होती. अचानक तिला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले आणि ती नातवाला त्याच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली. नातू दुकानाकडे धावला नाही. दुकानात गेले की अब्बा ओरडतात, हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले. तो भिंतीपलीकडच्या आजींकडे पळाला. त्याला एक दादी आहे आणि एक आजी आहे. दादी घरातली, आजी शेजारची.

आजी हातातली पळी घेऊनच आल्या. त्यांनी दादीचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पाण्यात चार चमचे साखर घालून पेला तिच्या ओठांना लावला. त्यांनाही बारा वर्षांपासून शुगर आहे. साखर चढली की काय होते आणि एकदम उतरली की काय होते, हे त्यांना पाठ आहे. पंधरा मिनिटांत दादीचा घाम थांबला. डोळे स्थिर झाल्यावर तिचे पहिले वाक्य होते, ‘वहिनी, तुम्ही माझा रोजा तोडला.’

‘भाभी, डॉक्टरांनी माझी एकादशी तोडली, तेव्हा मीही असाच राग धरला होता,’ आजी म्हणाल्या. ‘चाळीस वर्षांची एकादशी. सहा महिने मी डॉक्टरांच्या दारासमोरून गेले नाही.’

‘मग?’

‘मग काय, चक्कर येऊन पडले. त्याच डॉक्टरांच्या दारासमोर.’

दादी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते तिने पुसले नाही. ‘वहिनी, घरात सगळे उपाशी असताना मी एकटीने घास कसा गिळू? आतापर्यंत सगळ्यांना मी उठवले. आता मी पाहुणी झाले का?’

एवढे दिवस मुलगा, डॉक्टर आणि मौलाना तिला रोजा सोडायला सांगत होते. तिला खरी भीती कशाची वाटते, हे कोणी विचारले नव्हते. भूक तिला झेपत होती. आपण महिन्याच्या बाहेर पडलो, हे झेपत नव्हते.

यावर तोडगा कोणा मोठ्याने काढला नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या धाकट्याने तो अनवधानाने काढला. त्याने विचारले, ‘दादी, तू पण चिमणीचा रोजा धरशील का?’

तसा हा रोजा नव्हेच. दादीला सकाळची न्याहारीही घ्यावी लागणार होती. पण दुसऱ्या दिवसापासून घरात नवा रिवाज सुरू झाला. नऊ वाजता नातू दादीसमोर पहारा देत बसतो. ती नाश्ता करते आणि तो मोठ्या कष्टाने दुसरीकडे बघतो. शेळीला दुपारपर्यंत अंगणाच्या टोकाला बांधतात. दुपारची अजान झाली की दोघांसाठी छोटे दस्तरखान अंथरले जाते. दादी आधी त्याच्या हातात खजूर देते, दुआ म्हणून घेते, मग दोघे जेवतात. नातवाला वाटते की आपण दादीला जेवायला घालतो. दादीला वाटते की आपण नातवाला रोजा शिकवतो. सुनेला दोन्ही खरे वाटते. तेव्हापासून खजुरांच्या बरणीतली मोजणीही बंद झाली आहे.

फिदयाचा विषय निघाला तेव्हा मुलाने पैसे पुढे केले. दादीने ते परत केले. ‘रोजे माझे, फिदयाही माझा.’ तिने ट्रंकेतून रुमालात बांधलेली ईदी काढली. मुलांनी, भाच्यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या नोटा तिने खर्च केल्याच नव्हत्या. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी आहे. तिच्याकडे आता रोज दोन वेळचा डबा जातो. पैसे देऊन मोकळे होता आले असते, पण दादीला डबाच द्यायचा होता. त्यामुळे तिला पुन्हा पहाटे उठावे लागते, खट्टा पुन्हा तिच्या देखरेखीखाली होतो आणि सगळ्यांना उठवायचे कामही तिच्याकडे परत आले आहे. परीक्षा संपलेली नात आता शेवटी उठते आणि पहिली ओरडा खाते.

संध्याकाळी भिंतीवरून ताटांची ये-जा सुरूच असते. इकडून भजी, चणे आणि फळांची चाट जाते. ताट रिकामे परत करायचे नाही, हा दोन्ही घरांचा नियम. होळीला तिकडून पुरणपोळी आली. दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांना गोड बंद असल्यामुळे त्या फक्त एकमेकींच्या पदार्थांची तारीफ करतात. तेही चव न घेता. निदान सांगतात तरी तसेच.

आता शेवटचे रोजे चालू आहेत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. रविवारी, ३० मार्चला गुढीपाडवा आहे आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी ईद, नाही तर मंगळवारी. म्हणजे पाडव्याचे कपडे आणि ईदचे कपडे एकाच मशीनवर, एकाच आठवड्यात. टेलर दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना एकाच निष्ठेने ‘उद्या या’ सांगतो आहे. त्याच्या स्वतःच्या मुलाचा कुर्ता अजून कापडातच आहे. टेलरच्या पोराचे कपडे चांदरातीलाच शिवून होतात, ही या घराची परंपरा आहे.

चंद्र पाहायला हे घर दरवर्षी आजींच्या गच्चीवर जाते, कारण ती उंच आहे. रविवारी सूर्य मावळताना तिथली गुढी उतरवली जाईल आणि त्यानंतर सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतील. दादीच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. नातवाने सांगून ठेवले आहे की, तो तिला धरून वर नेईल आणि तिच्या डोळ्यांना चंद्र दिसला नाही तर बोट धरून दाखवेल.

ईदच्या सकाळी शीरखुर्मा होईल. दोघींना एकेक चमचा मिळेल, असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. दुसरा चमचा कोणी घेऊ नये म्हणून पहारेकरी नेमला आहे. तो पावणेसात वर्षांचा आहे, आणि चोरी कशी होते हे त्याला चांगले माहीत आहे.